‘अँटिव्हायरस बंद करा’ सांगणाऱ्या किल्ला मंडळाला खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य,
स. न. वि. वि.

मे महिन्यातल्या ‘आभासी गडकोट शिबिरा’ची तुमची जाहिरात परवा आमच्या लिफ्टमध्ये चिकटवलेली पाहिली. वय ९ ते १४, शुल्क माफक आणि खाली ठळक अक्षरांत ‘लाँचर मंडळातर्फे मोफत’. लाँचर म्हणजे माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी बांधण्याचा संगणकीय खेळ सुरू करणारा प्रोग्रॅम. त्या शेवटच्या ओळीमुळे हे पत्र लिहिते आहे. दिवाळीनंतर मी तुम्हाला दोनदा लिहिलं, एकदा कार्यालयात येऊन भेटले. ‘बघू’ आणि ‘मुलांचा खेळ आहे हो ताई’ यापलीकडे उत्तर मिळालं नाही. आता तोच लाँचर पुन्हा वाटायला निघाला आहात, म्हणून चारचौघांत बोलते आहे. मंडळाचं नाव मुद्दाम घेत नाही. तुम्हाला ते कळलंच आहे.

आधी चांगलं ते सांगते. कल्पना उत्तम होती. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा या दिवाळीत मातीच्या किल्ल्यांच्या जोडीला माइनक्राफ्टमध्ये ते बाराही किल्ले मुलांकडून बांधून घ्यायचे, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये माती टाकू देत नाहीत, पोत्याच्या गोणपाटाला वॉचमन हरकत घेतो, अशा शहरात हा चांगला तोडगा होता.

माझ्या बारा वर्षांच्या मुलाने राजगड घेतला. सबंध गड नाही, फक्त संजीवनी माची. त्यासाठी आम्ही सप्टेंबरात पाली दरवाजाने वर चढलो. माचीच्या दुहेरी तटबंदीतल्या बोळातून तो वही घेऊन पावलं मोजत चालला होता, कारण त्या खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर. दगडावरूनही घरात दोन दिवस चर्चा. बसाल्ट नावाचा ठोकळा खेळात आहे, पण तो याला पसंत पडेना. त्याने ‘डीपस्लेट’ घेतला. म्हणे, पावसात भिजल्यावर सह्याद्रीचा दगड असा दिसतो. मी करसल्लागार आहे, मला आकडे कळतात, दगड कळत नाहीत. तरी त्याचा तो चिलखती बुरुज स्क्रीनवर उभा राहिलेला पाहिला तेव्हा कौतुकाने आईला फोन केला होता.

आता वाईट.

मुलाचं खातं अधिकृत आहे, दहाव्या वाढदिवसाला मी विकत घेऊन दिलेलं. पण तुमच्या सर्व्हरवर, म्हणजे सगळी मुलं ज्यावर एकत्र खेळतात त्या संगणकावर, यायचं तर तुमचाच ‘किल्ला पॅक’ हवा, असं पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर सांगण्यात आलं. एक झिप फाइल आली. तिच्यात लाँचर, मॉड (खेळात भर घालणारे जोडप्रोग्रॅम), टेक्स्चर (ठोकळ्यांवरची चित्रं) सगळं एकत्र. खाली सूचना: ‘विंडोज डिफेंडर लाल पट्टी दाखवेल. घाबरू नये. फॉल्स पॉझिटिव्ह (खोटा इशारा) आहे. अँटिव्हायरस बंद करून झिप उघडावी.’ मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर पॅक चालेना, म्हणून माझ्या कामाच्या लॅपटॉपवर टाकला. लाल पट्टी आली. मी ती वाचली आणि तुमच्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या हाताने डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद केला. ती चूक माझी. ती मी इथेच कबूल करते, म्हणजे सभेत कुणाला ती मला ऐकवायला नको.

माझ्या ब्राउझरमध्ये तेव्हा छत्तीस क्लायंटचे पासवर्ड साठवलेले होते. जीएसटी, आयकर, कुणाकुणाचं ईमेलसुद्धा. ते तसे ठेवायला नको होते, हेही मान्य.

वसुबारसेनंतर दोन दिवसांनी माझ्या जीमेलमध्ये कुणीतरी बाहेरून शिरल्याचा इशारा आला. त्याच संध्याकाळी मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलला गेला. भाऊबीजेच्या दिवशी माझा भाऊ पाटावर बसून होता आणि मी बाल्कनीत उभी राहून एकेका क्लायंटला फोन करत होते: ‘नमस्कार, दिवाळीच्या शुभेच्छा, तुमचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला.’ अशी शुभेच्छा आयुष्यात कधी दिली नव्हती. दोन क्लायंट गेले. त्यांना मी दोष देत नाही.

मुलाचं खातं खरेदीची पावती होती म्हणून परत मिळालं. पण चोराने त्याचं खेळातलं नाव बदलून ठेवलं होतं आणि नाव तीस दिवसांतून एकदाच बदलता येतं. महिनाभर माझा मुलगा भलत्याच नावाने वावरला, तेही इथे लिहिता येणार नाही अशा नावाने. तो खेळायचाच बंद झाला.

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो. त्याने लॅपटॉप पाहिला, तेव्हा संगणक सुरू झाला की गुपचूप चालू होणारी एक जार फाइल (जावा भाषेतला प्रोग्रॅम) सापडली, जिचा किल्ल्यांशी काही संबंध नव्हता. झिप उघडली त्याच दिवशीची आणि त्याच मिनिटाची. मग त्याने मला दोन रात्री समोर बसवून हा सगळा विषय शिकवला. त्यातलं थोडं तुम्हालाही सांगते, कारण तुमच्या खजिनदारांनी मला ऐकवलं होतं, ‘ताई, बाहेरचे लाँचर सगळं जग वापरतं.’

वापरतं, खरं आहे. ‘सेकंड लाइफ’ नावाचं आभासी जग २००३ पासून चालू आहे. त्यात शिरायच्या सॉफ्टवेअरला तिथे व्ह्यूअर म्हणतात. त्याचा सोर्स कोड ते जग चालवणाऱ्या लिंडन लॅबने जानेवारी २००७ मध्ये आपणहून खुला केला. लोकांनी आपापले व्ह्यूअर बनवले, त्यातले काही मूळ व्ह्यूअरपेक्षा सरस निघाले. फायरस्टॉर्म हा तसाच बाहेरचा व्ह्यूअर, आजही तिथले कितीतरी रहिवासी तोच वापरतात. म्हणजे ‘बाहेरचा’ असणं हा काही गुन्हा नाही. पण २०१० च्या सुरुवातीला कंपनीला बाहेरच्या व्ह्यूअरसाठी नियमावली काढावी लागली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘एमराल्ड’ हा तेव्हाचा अतिशय लोकप्रिय व्ह्यूअर उघडा पडला. त्याच्या लॉगिनच्या पानात लपवलेला कोड, लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावरून एका टीकाकाराच्या वेबसाइटवर मारा करत होता. माणूस आपल्या घरात बसून नाव-पासवर्ड टाकतोय, आणि त्याच्या नकळत त्याचाच संगणक तिसऱ्याच्या दारावर दगड फेकतोय! कंपनीने एमराल्डला यादीतून काढून टाकलं. तिथे निदान यादी होती, आणि कुणाला काढायचं हे ठरवणारं कुणीतरी होतं.

माइनक्राफ्टचं उदाहरण आणखी जवळचं. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज आणि बुकिट या मॉड मिळणाऱ्या नावाजलेल्या साइटवरच्या काही मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा व्हायरस सापडला. ब्राउझरमधल्या कुकी आणि साठवलेले पासवर्ड, मायक्रोसॉफ्ट आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपची टोकन, सगळं तो उचलत असे, आणि संगणकावरच्या इतर जार फाइलींतही शिरत असे. टोकन म्हणजे काय, ते मला भाच्याने असं सांगितलं: पासवर्ड म्हणजे तिकीट काढणं, टोकन म्हणजे हातावर मारलेला शिक्का. शिक्क्याची नक्कल मिळाली की तिकीट कुणी विचारत नाही, ओटीपीसुद्धा नाही. आणि मॉड ही नुसती चित्रांची पिशवी नसते. तो पूर्ण प्रोग्रॅम असतो. तुम्ही तुमच्या संगणकावर जे जे करू शकता, ते ते तोही करू शकतो. नावाजलेल्या दुकानात हे घडतं, तर कुणी बांधली ते ठाऊक नसलेल्या झिपबद्दल काय बोलायचं?

डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजेचं, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचं, प्रकरणही भाच्याने सांगितलं. तेव्हा खेळाच्या चॅटमध्ये एक ठरावीक ओळ टाकली की समोरच्याच्या संगणकावर परका प्रोग्रॅम चालवता येत होता. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीने अधिकृत लाँचर वापरणाऱ्यांपर्यंत दुरुस्ती पोचवली. खेळाचं बदललेलं सॉफ्टवेअर आणि बाहेरचे लाँचर वापरणाऱ्यांना सांगितलं, की ती तुमच्यापर्यंत आपोआप येईलच असं नाही, तुमच्या लाँचरवाल्याचा सल्ला घ्या.

तर मंडळी, आपला लाँचरवाला कोण? हा प्रश्न मी दिवाळीपासून विचारते आहे. एका कार्यकर्त्याने ‘टेलिग्रामवरून मिळाला’ म्हणून सांगितलं. दुसऱ्याने ‘कॉलेजच्या एका मुलाने दिला’. तिसऱ्याला प्रश्नच कळला नाही. तो बिचारा मांडवाचं बघतो.

हे झालं माझ्या लॅपटॉपचं. खरं दुखणं पुढेच आहे.

१९ ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे अभ्यंगस्नानाच्या आदल्या रात्री अकरा चाळीसला, माझ्या मुलाच्या नावाने कुणीतरी तुमच्या सर्व्हरवर आलं आणि शेजारच्या इमारतीतल्या मुलीने बांधलेल्या खांदेरी किल्ल्यावर लाव्हा ओतला. उरलेल्यावर टीएनटी, म्हणजे खेळातली स्फोटकं. तीन आठवड्यांचं काम वीस मिनिटांत गेलं. दुसऱ्या दिवशी उटण्याच्या वाट्या अजून मोरीत होत्या, तेव्हा गटावर तुमची सूचना आली: ‘सदर स्पर्धकास बाद करण्यात येत आहे. पालकांनी पाल्यावर संस्कार करावेत.’ खाली मुलाचं पूर्ण नाव आणि फ्लॅट नंबर.

त्या रात्री आम्ही साताऱ्याला आईकडे होतो. लॅपटॉप पुण्यात, बंद. मुलगा नऊलाच झोपला होता, कारण पहाटे पहिला फटाका त्याला वाजवायचा होता. मी हे गटावर लिहिलं. उत्तर आलं, ‘सर्व्हरवर नाव स्पष्ट दिसते आहे.’

नाव दिसतंय, हाच तर घोळ आहे. तुमचा सर्व्हर ‘ऑफलाइन मोड’मध्ये चालत होता. तो तसा चालवल्याशिवाय खातं विकत न घेता खेळू देणारे फुकटचे लाँचर आत येऊच शकत नाहीत, कारण ऑनलाइन मोडमध्ये सर्व्हर प्रत्येक खेळाडूचं खातं खरं आहे का, हे मूळ कंपनीकडे विचारून घेतो. ऑफलाइन मोडमध्ये विचारणं बंद. जो जे नाव सांगेल, तो तो. रेशनच्या दुकानात कार्ड न बघता, नाव सांगेल त्याला धान्य दिलं आणि संध्याकाळी धान्य कमी भरलं म्हणून ज्याचं नाव वहीत आहे त्याला चोर ठरवलं, असा हा न्याय झाला.

बरं, खरं काय ते शोधायला फार विद्वत्ता लागत नव्हती. सर्व्हर रोजची नोंद आपोआप वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. कोण कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) आत आला, हे त्यात लिहिलेलं असतं. त्या रात्रीचा पत्ता आणि मुलगा एरवी ज्या पत्त्यावरून यायचा तो, दोन्ही शेजारी ठेवून पाहायला पाच मिनिटं लागली असती. मी ती नोंद मागितली. ‘बक्षीस समारंभाच्या गडबडीत वेळ नाही’ म्हणालात. समारंभ होऊन किती महिने झाले!

त्या मुलीची आई आता माझ्याशी नीट बोलत नाही. जिन्यात भेटली की मोबाइल काढते. मुलगा शाळेच्या बसमध्ये ‘लाव्हा’ या नावाने ओळखला जातो. यावर मी जास्त लिहीत नाही.

त्यानंतर तुम्ही जो उपाय केलात, तो आणखी मजेशीर. सर्व्हरवर पासवर्डचं प्लगइन (जोडप्रोग्रॅम) टाकलं आणि मुलांना सांगितलं, आत आल्यावर ‘रजिस्टर’ लिहून पासवर्ड टाका. दहा-बारा वर्षांची मुलं कुठला पासवर्ड टाकणार? जो एकमेव पाठ आहे तोच, शाळेच्या ॲपचा किंवा आईच्या ईमेलचा. तो पासवर्ड सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात जातो. त्याने मनात आणलं तर तो वाचू शकतो. सर्व्हर चालवणारं कोण, हे आम्हा पालकांना आजही सांगितलेलं नाही.

नोंदणीच्या फॉर्मचं थोडक्यात. मुलाचं नाव, शाळा, इयत्ता, जन्मतारीख, फोटो, आईवडिलांचे मोबाइल हे सगळं तुम्ही ज्या शीटमध्ये गोळा केलंत, तिची लिंक असलेल्या कुणालाही ती उघडता येते. आज सकाळीच मी पुन्हा उघडून पाहिली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. तो पूर्ण लागू होईपर्यंत थांबायलाच हवं, असं मात्र कुठे म्हटलेलं नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली आधीपासूनच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. ती अज्ञात चोराविरुद्ध आहे, तुमच्याविरुद्ध नाही. तुम्ही चोर आहात असं मला वाटत नाही. तुम्ही दरवाजा उघडा टाकलात, पहारेकऱ्याला घरी पाठवायला आम्हाला सांगितलंत, आणि चोरी झाल्यावर घरातल्याच पोराचा कान धरलात.

मागण्या साध्या आहेत.

पहिली: ज्या ज्या घरी ती झिप गेली, त्या प्रत्येक पालकाला लेखी कळवा. पॅक काढून टाका, दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून किंवा मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदला, ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा, मग विंडोज नव्याने टाका. नुसती फाइल डिलीट करून भागत नाही, हेही त्यात लिहा. अनेकांना अजून काही पत्ताच नाही. मागच्या आठवड्यात एका बाबांनी मला विचारलं, ‘हल्ली लॅपटॉप फार तापतो, तुमचाही तापतो का?’

दुसरी: १९ ऑक्टोबरच्या रात्रीची नोंद दोन पालकांसमोर उघडा. माझ्या मुलाने ते केलेलं नाही हे निघालं, तर ज्या गटावर त्याचं नाव टाकलंत त्याच गटावर, तितक्याच ठळकपणे ते मागे घ्या. बक्षीस नको. त्याचा राजगड सर्व्हरवरच्या खेळातल्या जगाच्या प्रतीत अजून असेल तर ती फाइल द्या. त्या मुलीची खांदेरीही आदल्या दिवशीच्या बॅकअपमधून परत आणता येत असेल तर आणा. तिने ती बांधायला माझ्या मुलापेक्षा जास्त दिवस घेतले होते.

तिसरी: मुलांच्या माहितीची शीट बंद करा आणि प्लगइनमधले पासवर्ड पुसा. यावर चर्चेची गरज नाही.

चौथी, शिबिराबद्दल. साठ मुलांसाठी अधिकृत माइनक्राफ्ट विकत घेणं परवडत नाही, हे मला हिशेब न करताही कळतं. मग ‘लुआंटी’ घ्या. पूर्वी त्याला माइनटेस्ट म्हणायचे, २०२४ मध्ये नाव बदललं. ठोकळ्यांचंच जग, मुक्त सॉफ्टवेअर, फुकट, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून उतरवता येतं, कुणाचा चोरून वापर नाही. मुलं चार दिवस कुरकुरतील, पाचव्या दिवशी तट बांधायला लागतील. माइनक्राफ्टच हवं असेल तर अधिकृत खाती, ऑनलाइन मोड चालू, परवानगी दिलेल्या नावांचीच यादी आणि मॉड घ्यायचेच तर कुठून घेतले ते प्रत्येकाचं लिहून. भाचा एक रविवार फुकट बसून सर्व्हर लावून द्यायला तयार आहे. त्याला फक्त चहा आणि त्याचं म्हणणं ऐकून घेणारा माणूस लागतो.

दोन्ही जमणार नसेल तर माती आहे. मुठा आटली तरी पुण्यात माती मिळते.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला तुमची शिबिराची पालकसभा आहे. मी येणार आहे. भाच्याने काढलेले स्क्रीनशॉट, तक्रारीची प्रत आणि मुलाची पावलं मोजलेली वही आणीन. तुम्ही त्या रात्रीची नोंद आणा.

आपली,
एक पालक
कर्वेनगर, पुणे

ता. क. ती झिप पालकांच्या गटावर अजूनही पिन केलेली आहे. काल रात्री एका नव्या आईने तिच्याखाली ‘थँक्यू’ लिहिलं आहे. सभेपर्यंत थांबू नका, ती आजच काढा.